डाव्या बाजूचं अस्तर

तीर्थरूप दादा,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार (गुडघ्यामुळे उभ्यानेच, पण मनाने पुरता आडवा). तुझी तब्येत कशी आहे हे विचारायची खरं तर सोय राहिलेली नाही. खोकला कधी आला, कोणत्या कुशीवर वाढला आणि काय घेतल्यावर उतरला हे तू 'आपली माणसं' या आपल्या फोनवरच्या गटावर रोज सकाळी कळवतोसच. वहिनींचा पाय मुरगळल्याचंही वाचलं. तो पायरीवर नेमका कसा पडला याची तू काढलेली आकृती पाहिली, त्यात पाय कोणता आणि पायरी कोणती ते मला शेवटपर्यंत कळलं नाही, पण दुखलं असणार एवढं कळलं. त्यांना माझा नमस्कार सांग. इकडे आम्ही दोघं बरे आहोत. दुकान चालू आहे, शिवणयंत्राचा पट्टा नवा घातला आहे, आणि आमची ही माझ्याशी गेल्या मंगळवारपासून पुन्हा बोलू लागली आहे. मध्ये ती का बोलत नव्हती ते पुढे येईल.

आता कामाचं. परवा फोनवर तू म्हणालास की तुझ्या रविवारच्या सत्कारासाठी मी शिवून पाठवलेला कोट अंगाला छान बसतो, फक्त डावी बाजू जरा ताठ वाटते आणि हात वर केला की आतून कुरकुर असा आवाज येतो, तेव्हा कोपऱ्यावरच्या शिंप्याकडून डाव्या बाजूचं अस्तर उसवून बघणार आहेस. दादा, तेवढं करू नकोस. हे मी फोनवरच सांगितलं असतं, पण तू फोन स्पीकरवर टाकून बोलतोस. मागे मी माझ्या मूळव्याधीचं अगदी हळू आवाजात तुला विचारलं, तर उत्तर तुझ्याकडे नळ दुरुस्त करायला आलेल्या माणसाने दिलं होतं (उपाय लागू पडला, त्याला धन्यवाद कळव). म्हणून पत्र. अस्तर का उसवायचं नाही ते सांगतो, पण नीट सांगायचं तर मुळापासून सांगावं लागेल आणि मूळ जरा लांब आहे. बसून वाच.

तुझं आणि माझं एका बाबतीत कधी पटलेलं नाही. तुझं म्हणणं, माणसाने आपले अनुभव चारचौघांत सांगावेत, दडवून ठेवलेल्या अनुभवाला वास येतो. माझं म्हणणं, उघड्यावर ठेवला तर त्यावर माश्या बसतात. तू मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालास त्या दिवसापासून तुझी जीवनकथा गटावर सुरू झाली, ती आता दोनशे अकराव्या भागापर्यंत आली आहे आणि तुझी अजून नोकरी लागायची आहे. वाचायला मजा येते, नाही असं नाही. पण तुझ्या आयुष्यात मीही अधूनमधून येतो ना. एकशे चाळिसाव्या भागात तू मध्येच पुढच्या काळात उडी मारून लिहिलंस की माझं पहिलं गिऱ्हाईक इतकं ऐसपैस होतं की कमरेचं माप घेताना माझे हात पुरेनात, म्हणून मी टेपचं टोक त्यांच्या हातात देऊन त्यांच्याभोवती धावत फेरी मारली, दोनदा मारली, आणि चक्कर येऊन पडलो. खरं आहे. पण ते गटावरच्या सत्तावीस नातेवाइकांनी आणखी किती जणांना पाठवलं कोण जाणे, दुसऱ्या दिवसापासून माणसं माप द्यायला आली की आधी मलाच खुर्ची देऊ लागली. एक बाई तर नवऱ्याच्या मापासाठी सोबत कांदा घेऊन आल्या, मला हुंगवायला.

तरी तू पिच्छा सोडला नाहीस. लिही, लिही, मन हलकं होतं. शेवटी मी लिहायला बसलो. पण आमच्या घरात लिहून ठेवायचं कुठे? ही दिसेल ते वाचते. औषधाच्या खोक्यातला मुंगीएवढ्या अक्षरांचा कागदसुद्धा ती शेवटच्या ओळीपर्यंत वाचते आणि मग त्यातले सगळे दुष्परिणाम मला होतायत का ते आठवडाभर बघत राहते. मी वही बटणांच्या खणात लपवली. तिसऱ्या दिवशी समासात पेन्सिलीने बारीक अक्षरात शेरा आला, 'हे उन्हाळ्यात झालं, थंडीत नव्हे'. वही तांदळाच्या डब्यात नेली, तिथे 'अक्षर सुधारा' असं आलं. मग मी वही फाडून टाकली आणि आठ दिवस गप्प बसलो. पण तुला सांगतो, एकदा लिहायची सवय लागली की माणूस गप्प बसला तरी आतून बोलतच राहतो. कापड कापताना बोलतो, काजं करताना बोलतो.

तर एका दुपारी मी दातांच्या डॉक्टरांचा कोट शिवत होतो. तुला ठाऊक असेल-नसेल, कोटाच्या छातीला ताठपणा येतो तो वरच्या कापडाने नाही. वरचं कापड आणि आतलं अस्तर यांच्यामध्ये आम्ही एक कडक पांढरं कापड घालतो, त्याला बकरम म्हणतात. ते कुणाला दिसत नाही, कोट फाटून चिंध्या होईपर्यंत कुणी ते बघतही नाही. मी त्यावर पेनाने मापाची खूण करायला गेलो आणि पेन असं काही सुरेख चाललं की खुणेच्या पुढे एक वाक्य लिहून झालं. मग दुसरं. डॉक्टरांच्या उजव्या छातीचा तुकडा संपला तेव्हा माझं मन खरंच हलकं झालं होतं. तो तुकडा कापडाच्या पोटात घातला, वर अस्तर चढवलं, टीप मारली. सांगितलंही आणि कुणाला कळलंही नाही. तुझंही खरं झालं आणि माझंही. दादा, पुढची दोन वर्षं मी या गावातला सर्वांत सुखी माणूस होतो. रस्त्याने कुणी कोट घालून समोरून आलं की मी मनात म्हणायचो, हा बघ, माझ्या गणितात नापास होण्याला घेऊन भाजी आणायला चाललाय. ग्रंथपाल तर माझ्या पहिल्या प्रेमाला अंगावर घालून वाचनालयात शांतता राखा म्हणून ओरडायचे.

मोठी कामगिरी गेल्या वर्षी झाली. बँडवाल्यांनी एकसारख्या अकरा कोटांची ऑर्डर दिली. अकरा कोट म्हणजे जागाच जागा. मी ठरवलं की यात एकच मोठी हकीगत अकरा भागांत लिहायची, आणि ती म्हणजे मी हिच्या वडिलांकडे मागणी घालायला गेलो त्या दिवसाची. तुला वरवरची माहीत आहे. नवा सूट घालून गेलो, त्यांच्या दाराला त्याच सकाळी तेलरंग दिला होता, मी दाराला टेकून उभा राहिलो आणि चिकटलो. कोट दारावर तसाच ठेवून त्याच्यातून बाहेर यावं लागलं. मग ही आतून आली, एक पाय दाराला लावून तिने कोट ओढून काढला, आणि तीच आमची पहिली भेट. एवढं सगळ्यांना ठाऊक आहे. मी मात्र बासरीवाल्याच्या कोटात, सातव्या भागात, एक जास्तीचं वाक्य लिहिलं. ते हिलाही ठाऊक नव्हतं. ते असं, की रंग ओला आहे हे मला दिसलं होतं. टेकलो तो मुद्दाम. तिचे वडील दोन मिनिटांत माझी बोळवण करणार हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं, आणि मला तिथे जरा जास्त वेळ थांबायचं होतं.

यात बिघडण्यासारखं काही नव्हतं. पण ढोलवाला सुटला. त्याला कोट होईना, आणि माझ्याकडे यायची लाज वाटली (मी त्याला कपडे शिवताना म्हणालो होतो, शिवणीत जरा जास्तीच्या कापडाची माया सोडू का, तर म्हणाला गरज नाही). म्हणून तो गुपचूप पलीकडच्या रस्त्यावरच्या नव्या शिंप्याकडे कोट ढिला करायला गेला. त्या शिंप्याने अस्तर उसवलं, बकरम वाचलं, आणि चहा मागवून पुन्हा वाचलं. ढोलवाल्याच्या तुकड्यावर शेवटचं वाक्य होतं, 'आणि मग मी शर्टावर उभा राहिलो असता आतून पावलांचा आवाज आला, तेव्हा'. आता तूच सांग, असं वाचल्यावर कुणाला झोप येईल. त्या शिंप्याने बँडच्या तालमीच्या सुट्टीत जाऊन बाकीच्या दहा जणांचे कोट उतरवून घेतले, आणि अकराच्या अकरा कोट तिथल्या तिथे उसवून मोठ्याने वाचले गेले. एवढंच की ते ज्या क्रमाने बसतात त्या क्रमाने वाचले, मी लिहिलं त्या क्रमाने नव्हे. त्यामुळे गावात माझी जी हकीगत पसरली तिच्यात मी आधी सासऱ्यांचे आभार मानतो, मग दाराला मागणी घालतो, दार रडतं, हिचे वडील मला रंग देतात, आणि शेवटी एकदाचा मी घरून निघतो. आजही काही लोकांचा प्रामाणिक समज आहे की माझं आधी कुठेतरी एक लग्न झालं होतं आणि ते दारामुळे मोडलं.

त्यानंतरचे पंधरा दिवस काय गेले ते विचारू नकोस. जो उठला तो कात्री घेऊन आपला कोट उसवायला लागला. तक्रारी आल्या, पण भलत्याच. आमच्याबद्दल का लिहिलंत असं कुणी म्हणालं नाही. आमच्याच कोटात कंटाळवाणा भाग का घातलात, असं मात्र बरेच जण म्हणाले. एकाच्या वाट्याला नुसती माझी पोटाची तक्रार आली होती, तो ती बदलून मागत होता. ग्रंथपालांनी तुकड्यांना नंबर देऊन यादी लावायची तयारी दाखवली. दातांच्या डॉक्टरांच्या उजव्या छातीवर मी लिहिलं होतं की त्यांचा हात थरथरतो, म्हणून मी दाढ बाहेरगावी जाऊन काढून घेतली. ते दुकानात आले. खुर्चीत बसले, दोन्ही हात माझ्यापुढे सरळ धरले आणि पाच मिनिटं तसेच धरून ठेवले. थरथर नव्हती. मी माफी मागितली. जाताना ते म्हणाले की थरथरत होते, पण ते बायकोच्या आजारपणाचे दिवस होते. दादा, मला हे माहीत नव्हतं. मी दोन वर्षं त्या माणसाकडे तो भित्रा असल्यासारखं बघत होतो.

आणि हिचं म्हणशील तर बँडवाल्याच्या बायकोने तिला भर रस्त्यात सातवा भाग ऐकवला. ही घरी आली, पिशवी ठेवली, आणि मला वाटलं आता गावभर अब्रू गेल्याबद्दल माझी हजेरी घेणार. तर नाही. ती म्हणाली, "अकरा जणांच्या छातीवर लिहिलंत, मला एकदा तोंडाने सांगितलं असतंत तर काय बिघडलं असतं? तीस वर्षं मी समजत होते की मला वेंधळा नवरा मिळाला." आणि मग नऊ दिवस बोलली नाही. दहाव्या दिवशी, म्हणजे गेल्या मंगळवारी, माझ्या पानात वाढता वाढता एकदम हसायला लागली आणि म्हणाली, मुद्दाम टेकलात होय. तेव्हापासून ती दिवसातून एकदा हे वाक्य म्हणते. मला लाज वाटते, आणि खोटं कशाला सांगू, फार बरंही वाटतं.

आता तुझ्या कोटाकडे येतो. तो मी बँडवाल्यांचं प्रकरण बाहेर पडायच्या आधी शिवला. त्यात काय लिहिलं आहे ते मी इथे सांगणार नाही, सांगायचं असतं तर कशाला आत घातलं असतं. मजकूर लांबला म्हणून बकरम दुहेरी घालावं लागलं, म्हणून ते कुरकुरतं. तुझ्याच मजकुराला तुझ्या छातीइतकी सुरक्षित जागा दुसरी नाही असा माझा हिशेब होता, कारण तू आयुष्यात कधी कपड्याची आतली बाजू बघितलेली नाहीस. तेव्हा रविवारी तसाच घाल, हात फार वर करू नकोस, आणि टाळ्या वाजल्या की कुरकुर ऐकू येणार नाही.

आणखी एक विनंती, लहान तोंडी मोठा घास. सत्काराच्या भाषणात या वेळी ती पँटीची गोष्ट नाही सांगितलीस तर चालणार नाही का? मला ती पाठ आहे, सगळ्यांनाच आहे. तू मुलाखतीला गेलास, अध्यक्षांच्या हातून पेन खाली पडलं, ते उचलायला तू वाकलास आणि आपल्या गल्लीतल्या शिंप्याने, म्हणजे मिशीवाल्या मास्तरांनी, शिवलेली तुझी नवी पँट मागून उभी उसवली. मग तू अध्यक्षांकडे एकदाही पाठ न करता, वाकून नमस्कार करत करत, उलट्या पावलांनी दारापर्यंत गेलास, आणि अध्यक्ष म्हणाले की या खुर्चीचा एवढा मान आजवर कुणी ठेवला नव्हता, याला घ्या. उत्तम गोष्ट आहे. पण तिच्यात दर वेळी मास्तरांच्या हलगर्जीपणाचा उद्धार होतो. ती गोष्ट पसरल्यावर गल्लीतल्या लोकांनी त्यांच्याकडे पँटी टाकायचं बंद केलं, म्हणून ते नुसत्या कोटांकडे वळले, हे तुला कधी समजलं नसेल. आणि आता तर तू त्यांना रविवारी पहिल्या रांगेत बसवणार आहेस म्हणे, आणि भाषणाच्या शेवटी सगळ्यांसमोर जाहीर माफ करणार आहेस. त्यांचं वय ऐंशीच्या पुढे आहे. तू त्याऐवजी खोकल्याबद्दल बोल. खोकल्यावर तुझा अभ्यास दांडगा आहे.

बाकी सर्व क्षेम. वहिनींना पाय उंच ठेवायला सांग. आम्ही शनिवारीच निघतो. चुकलं-माकलं पोटात घाल, आणि अस्तर मिटलेलंच राहू दे.

तुझा आज्ञाधारक (एवढा एक अपवाद सोडून),
धाकटा

ता. क. पाकीट चिकटवायला घेतलं आणि मास्तर स्वतःच दुकानात आले. हातात तुझी निमंत्रणपत्रिका, दुसऱ्या हातात त्यांचा जुना काळा कोट, इस्त्रीला. पत्रिका त्यांनी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून आणली होती, मळू नये म्हणून. मला वाटलं त्यांना खरंच मानाचं बोलावणं वाटतंय, म्हणून मी नजर चुकवून इस्त्री तापवत बसलो. तर म्हणाले, "तुझा भाऊ ती पँटीची गोष्ट सांगेल ना? सांगू दे. छान रंगवतो. माफ केलं म्हणाला की मी उठून हात जोडेन." आणि माझ्या टाक्यांकडे बघत बसले, पूर्वी बघायचे तसे.

दुसरा ता. क. दादा, अस्तर उसव. आजच उसव, कोपऱ्यावरच्या शिंप्याकडे नको, वहिनींकडून, लहान कात्रीने, खालच्या टोकापासून. आत जे सापडेल ते असं आहे. तुझ्या मुलाखतीच्या आदल्या दुपारी मी तेरा वर्षांचा होतो, आणि पँट आतून कशी असते ते मला बघायचं होतं. मी मागची शिवण उसवून बघितली. मग घाबरून आईच्या गोधडीच्या निळ्या दोऱ्याने शिवून ठेवली, एकेरी, लांब लांब टाक्यांनी. मास्तरांचा यात काहीही संबंध नाही. फाटलेली पँट तू त्यांच्या अंगावर फेकायला गेलास तेव्हा मी तुझ्या मागे उभा होतो. त्यांनी निळा दोरा बघितला, मग माझ्याकडे बघितलं. तू गेल्यावर एवढंच म्हणाले, "टाका लांब पडतोय. उद्यापासून येत जा." त्यानंतर शेहेचाळीस वर्षांत त्यांनी हा विषय माझ्याकडे, तुझ्याकडे, कुणाकडेही काढलेला नाही. मला जे येतं ते सगळं त्यांनी शिकवलं. मी मात्र त्यांना गुन्हेगार राहू दिलं, कारण तू रागावशील याची मला भीती वाटायची. अजून वाटते. हे गटावर टाकायचं की स्टेजवर सांगायचं की दोघांतच ठेवायचं ते तू ठरव, मला त्यातलं काही कळत नाही. पण मास्तरांना हात जोडायला लावू नकोस.

तिसरा ता. क. (हिच्या आग्रहावरून, तिने पत्र वाचलं आहे.) कोट दारावरून ओढून काढताना ती हसली असं मी नवव्या भागात लिहिलं, ते चूक आहे. ती हसली नव्हती. आणि ते उन्हाळ्यात नव्हे, थंडीत झालं.

शेवटचा ता. क. तुझ्या सूटची पँट अजून माझ्याकडेच आहे, ती शनिवारी घेऊन येतो; तिची मागची शिवण मी दुहेरी घातली आहे, मास्तरांनी हात फिरवून तपासली आहे. रविवारी मास्तरांच्या पाया पडायला खुशाल वाक.